कुंडीतली चिलटं: माशी मारायची की माती वाळवायची?

पावसाळा लागून दोन-तीन आठवडे झाले की घरोघरी एकच तक्रार सुरू होते. तुळशीला पाणी घालायला जावं तर मातीतून बारीक काळी चिलटं भुर्रकन उठतात. मनी प्लांटजवळ बसून चहा प्यावा तर एखादं कपात पडतं. दिवसा खिडकीच्या काचेवर, रात्री ट्यूबलाइटभोवती आणि टीव्हीच्या पडद्यावर तीच. "कुंडीतून चिलटं निघून रायले, पोराले चावतीन काय?" हा प्रश्न आमच्याकडे दर पावसाळ्यात ऐकू येतो. २०२४ मध्ये गुजरातमधून लेकरांच्या मेंदूवर जाणाऱ्या चांदीपुरा तापाच्या बातम्या आल्या, तेव्हापासून तो जास्तच काळजीने विचारला जातो. चांदीपुरा हे नाव नागपूरच्या एका वस्तीचं. १९६५ साली तिथल्या रुग्णांच्या रक्तात तो विषाणू पहिल्यांदा सापडला, आणि तो पसरवते एक बारीक माशी. त्यामुळे विदर्भातल्या आईबापाच्या पोटात बारीक माशी बघून गोळा येत असेल, तर त्यात नवल नाही.

आधी तोच गोळा घालवू.

ही माशी ती नव्हे

चांदीपुरा पसरवते ती वाळूमाशी. ती मातकट, भुरकट रंगाची आणि केसाळ असते. बसली की पंख पाठीवर मिटत नाही, दोन्ही बाजूंना वर उभे धरते. नीट उडण्यापेक्षा टुणटुण उड्या मारते. तिचा मुक्काम मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत असतो, आणि रक्त पिते ती तिची मादी, बहुतेक संध्याकाळनंतर.

कुंडीतलं चिलट काळं असतं. लांबी २ ते ३ मिलिमीटर, पाय लांब, पंख पाठीवर सपाट मिटलेले. ते मातीवरून लगबगीने चालतं, थोडंसं उडतं, परत बसतं. त्याच्या तोंडाला चावण्याची सोयच नाही, आणि माणसाला त्याच्यापासून कुठलाही आजार होत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे कुंडीला टिचकी मारायची. चिलटं मातीतूनच उठली तर ती हीच. केळी-आंब्याच्या टोपलीवर घोंघावणारी लालसर डोळ्यांची असतात ती फळमाशीची जात. मोरीच्या भिंतीवर चिकटून बसणारी, पतंगासारखी केसाळ असते ती मोरीची माशी. कपाशीवरची पांढरी माशी तर सगळ्यांच्याच ओळखीची.

(लेकराला अचानक जोराचा ताप येऊन झटके आले, तर कुंड्या तपासत बसू नका, थेट दवाखाना गाठा. तो वेगळा विषय आहे, आणि तिथे तासांचा हिशेब असतो.)

खरी कीड मातीत असते

या चिलटांना फंगस नॅट म्हणतात. त्यांच्या बहुतेक जाती ब्रॅडिसिया या गटातल्या. उडणारं चिलट जेमतेम आठ-दहा दिवस जगतं आणि झाडाला काहीच करत नाही. तेवढ्या दिवसांत मादी ओल्या मातीत शंभर ते दोनशे अंडी घालते. तीन-चार दिवसांत त्यातून अळ्या निघतात. अळी पांढरट, पारदर्शक, डोकं मात्र चकचकीत काळं. ती साधारण दोन आठवडे मातीच्या वरच्या ५ ते ७ सेंटिमीटरच्या थरात राहते. तिचं मुख्य खाणं म्हणजे मातीतली बुरशी, शेवाळ आणि कुजणारा पाला. ते कमी पडलं, किंवा अळ्या फार झाल्या, की ती झाडाच्या केसासारख्या बारीक मुळ्यांकडे वळते. मग चार-पाच दिवस कोषात, आणि पुन्हा माशी. सगळा फेरा तीन ते चार आठवड्यांचा.

घरात डासांचा स्प्रे मारून ही कीड जात नाही, ती यामुळेच. संध्याकाळी स्प्रे मारला, दहा चिलटं मेली, सकाळी मातीतून नवी दहा वर आली. गव्हाच्या कोठीतून पाखरं उडायला लागली तर आपण पाखरामागे झाडू घेऊन धावत नाही, गहू अंगणात काढून उन्हात टाकतो. इथेही तेच करायचं आहे, फक्त गव्हाऐवजी माती.

मग माती वाळवायची म्हणजे नेमकं काय?

अंडी आणि कोवळ्या अळ्या कोरड्या मातीत टिकत नाहीत, आणि मादीलाही अंडी घालायला ओलच लागते. म्हणून वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर दोन पाण्यांच्या मधे पूर्ण कोरडा झाला पाहिजे. बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसा. ओल लागली तर आज पाणी नाही. उद्याही लागली तर उद्याही नाही. पावसाळ्यात व्हरांड्यातल्या कुंडीला चार-चार, कधी सात-आठ दिवस पाणी लागत नाही. मनी प्लांट, कोरफड, स्नेक प्लांट ही तर कोरडं ठेवलं की उलट खुलतात.

"पण आमच्या विदर्भात ४५ डिग्रीला पाणी तोडलं तर झाड करपेल!" बरोबर आहे, आणि मे महिन्यात अंगणातल्या कुंडीचं पाणी तोडा असं कुणी म्हणतही नाही. त्या उन्हात वरची माती दुपारपर्यंत स्वतःच खडखडीत होते, म्हणून उन्हाळ्यात अंगणात ही चिलटं फारशी दिसत नाहीत. उन्हाळ्यात ती दिसतात घरात, कूलरच्या वाऱ्यात ठेवलेल्या कुंडीत. कूलर दिवसरात्र दमट हवा फेकतो, कुंडीला ऊन नसतं, आणि आपण बाहेरची काहिली बघून सवयीने रोज पाणी ओततो. माती कधी वाळतच नाही. ती कुंडी कूलरसमोरून हलवली की अर्धं काम होतं.

कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी मात्र तिन्ही ऋतूंत ओतून टाकायचं. ते बुडाकडून माती ओली ठेवतं आणि शिवाय त्यात डेंग्यूचे डास होतात. चिलटं ओल्या मातीत होतात, डास साचलेल्या पाण्यात. ताटलीत दोघांचीही सोय होते. खालून पाणी द्यायची पद्धत चांगली आहे, म्हणजे परातीत पाणी घेऊन कुंडी त्यात अर्धा तास ठेवायची आणि मग उचलून निथळू द्यायची. वरचा थर बराचसा कोरडा राहतो. पण अर्ध्या तासाने परात रिकामी झाली पाहिजे.

तुळशीला रोज पाणी घालावंच लागतं, त्याचं काय?

हा प्रश्न बायका विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. सकाळी आंघोळ झाली की तुळशीला पाणी, हा कित्येक घरांचा नेम आहे. तो मोडायची गरज नाही. श्रावणात रात्रभर पावसाने भिजलेल्या तुळशीला तांब्याभर पाण्याची भूक नसते, पळीभर पाण्याने नेमही होतो आणि मुळंही सडत नाहीत. घरात तीन माणसं तुळशीला पाणी घालणारी असतील तर तीन पळ्या.

तुळशीचं खरं दुखणं बहुतेकदा वृंदावनाच्या बुडाशी असतं. सिमेंटच्या कित्येक वृंदावनांना खाली भोकच नसतं. पाणी जायला वाट नाही, तळाशी चिखल, वर शेवाळाचा हिरवा थर, आणि त्यावर चिलटं. गवंड्याकडून ड्रिलने बुडाशी एक-दोन भोकं पाडून घ्या. नैवेद्याचं दूध, साखर, निर्माल्याची फुलं मातीत टाकू नका, ती सगळी बुरशीची मेजवानी होते. घरच्या सासूबाईंना हे सांगायचं कसं, ते ज्याचं त्याने बघावं.

आपली काळी माती कुंडीत का रुसते

शेतात कपाशी-सोयाबीन पिकवणारी काळी माती कुंडीत भरली की वांधे होतात. तिच्यात बारीक चिकणमातीचं प्रमाण भरपूर. पाणी मिळालं की ती फुगते, धरून ठेवते, आणि वाळली की भेगाळते. शेतात खाली खोलवर निचरा व्हायला जागा असते, भेगांतून हवा जाते. ऑइलपेंटच्या डब्यात किंवा तेलाच्या पिप्यात तसं काहीच नसतं. पंधरा-पंधरा दिवस आतली माती लोण्यासारखी ओली राहते. वर आपण त्यात शेणखत घालतो, आणि तेही पुष्कळदा अर्धकच्चं. कच्चं शेण म्हणजे या अळ्यांचं भरलेलं ताट.

काळी माती वापरायचीच असेल तर तिच्यात तिच्याइतकी तरी जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम मिसळा. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात तूस, म्हणजे धानाची टरफलं, मुबलक असतो. तो कमी हवेत जाळून काळा करून घेतला तर मातीला छान मोकळं करतो. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतलं तर मातीसारखं मोकळं, शेणाचा वास नसलेलं. ते एकूण मिश्रणाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, डाळीचं पाणी थेट कुंडीत ओतायची मोठी फॅशन आली आहे. ज्यांच्या घरी चिलटं आहेत त्यांनी ती आजपासून थांबवावी. चोथा खताच्या खड्ड्यात जाऊ द्या, तिथे तो कुजेल आणि मग कुंडीत येईल. कुंभाराची मातीची कुंडी अंगातून वाफ सोडते, प्लास्टिकची सोडत नाही. त्यामुळे प्लास्टिकच्या कुंडीला भोकं दुप्पट लागतात.

जुनी माती पुन्हा वापरायची असेल तर आपल्याकडे फुकटचा उपाय आहे, एप्रिल-मेचं ऊन. माती किंचित ओली करून पातळ थरात पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा दाबून टाका आणि चार-सहा आठवडे तशीच राहू द्या. अळ्या, कोष, बऱ्याचशा रोगट बुरश्या आणि तणाचं बी, सगळ्यांचा निकाल लागतो.

पिवळा सापळा आणि बटाट्याची चकती

कपाशीवर पांढऱ्या माशीसाठी लावतात तेच पिवळे चिकट सापळे इथे चालतात. कृषी सेवा केंद्रात मिळतात. निळा आणू नका, तो फुलकिड्यांसाठी असतो. एका सापळ्याचे कात्रीने चार-सहा तुकडे करा आणि मातीच्या अगदी जवळ आडवे ठेवा. ही चिलटं फार उंच उडत नाहीत, त्यामुळे खिडकीत टांगलेल्या सापळ्यापेक्षा मातीलगतच्या तुकड्यावर जास्त सापडतात. सापळा न मिळाल्यास पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल चोपडा.

सापळ्याने कीड संपते, असं मानू नका. मादी पुष्कळदा अंडी घालून मग चिकटते. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर ओढणाऱ्या सापळ्यात, बोंडअळीचे पतंग मोजून आपण पुढचा अंदाज घेतो, तेवढंच काम याचं. गेल्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात कमी चिकटली की उपाय लागू पडला.

अळ्या आहेत का ते बघायला बटाट्याची बोटभर जाड चकती कापा आणि कापलेली बाजू खाली करून मातीवर दाबून ठेवा. तीन-चार दिवसांनी उचलून बघा. काळ्या डोक्याच्या अळ्या खालून चिकटलेल्या दिसतील. चकती उकळत्या पाण्यात टाका, नवी ठेवा. घरात दहा कुंड्या असतील तर दोष नेमका कोणत्या दोन-तीन कुंड्यांत आहे, ते या युक्तीने कळतं. दहाही कुंड्यांना औषध पाजायची गरज बहुधा नसते.

बीटीचा एक भाऊ कामाचा आहे

विदर्भात बीटी हा शब्द लहान पोरालाही माहीत आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला एक जिवाणू. त्याच्यातलं एक प्रथिन काही अळ्यांच्या पोटात गेलं की आतड्याला छिद्रं पडतात आणि अळी मरते. त्या प्रथिनाचं जनुक कपाशीत घातलं तो बीटी कापूस, भारतात २००२ पासून परवानगी मिळालेला.

या जिवाणूचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं. पिकांवर फवारायला मिळतो तो बहुधा कुर्स्टाकी प्रकार, तो पतंगवर्गीय अळ्यांवर चालतो. चिलटांच्या अळ्यांवर तो निरुपयोगी आहे. आपल्याला हवा तो इस्रायलेन्सिस, थोडक्यात बीटीआय. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात, डासांच्या मेलेल्या अळ्यांनी भरलेल्या एका आटत्या डबक्यात तो सापडला. तो डास, काळी माशी आणि आपली ही चिलटं यांच्या अळ्यांना मारतो. आपल्याकडे हिवताप नियंत्रणात तो डासांच्या अळ्यांसाठी वापरला जातो, त्यामुळे पुड्यावर सहसा डासांचंच नाव असतं. विकत घेताना ते लांबलचक नाव शेवटपर्यंत वाचा. दुकानदार "बीटीच आहे ना भाऊ" म्हणून कुर्स्टाकी देऊ शकतो.

वापरायची रीत म्हणजे पाण्यात मिसळून संध्याकाळी मातीत ओतायचा. अळीने तो खाल्ला तरच काम होतं, अंगाला लागून होत नाही. कोवळ्या अळ्यांवर चांगला चालतो, मोठ्यांवर कमी, आणि कुंडीत तो फार दिवस टिकत नाही. म्हणून पाच-सात दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा द्यावा लागतो. एकदा देऊन "काही फरक नाही" म्हणणाऱ्यांनी तीन आठवड्यांचा फेरा आठवावा.

आता शंका येणारच. बीटी कापूस लावूनही गुलाबी बोंडअळीने धुऊन नेलं, मग हे बीटी तरी किती दिवस चालणार? गुलाबी अळीला कपाशीत महिनोन्‌महिने, शेतंच्या शेतं, तीच एक-दोन प्रथिनं खायला मिळाली आणि तिला ती पचू लागली. बीटीआयमध्ये चार मुख्य प्रथिनं एकत्र असतात आणि आपण तो चार वेळा देऊन थांबतो. त्यामुळे ती भीती इथे फार कमी.

निंबोळी, दालचिनी वगैरे

निंबोळी अर्क चालतो. शेतासाठी करतो तोच ५ टक्क्यांचा, म्हणजे लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीचा भुगा. रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून मातीत ओतायचा. तो अळीची वाढ अडवतो, लगेच मारत नाही. निंबोळी पेंड वरून पसरण्याआधी मात्र विचार करा. ओल्या मातीवर पेंडीलाच बुरशी चढते.

मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चौपट पाण्यात मिसळून ओतलं की फेस येतो आणि ज्या अळ्यांना लागतं त्या मरतात. परिणाम तेवढ्यापुरताच, म्हणून तो एकटा पुरत नाही. वरून दोन बोटं जाड वाळूचा थर दिला तर अंडी घालायला अडचण होते. पण बुडाची भोकं उघडी असतात, आणि खालची माती ओली असेल तर चिलटं तिथूनही शिरतात. दालचिनीची पूड भुरभुरल्याने कुंडीला छान वास येतो.

घरी कापसाचं औषध पडलेलं आहे, ते थोडं टाकू का?

नाही.

प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी एखादी अर्धी बाटली उरलेली असते आणि हात तिच्याकडेच जातो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली, कित्येक दगावले. ते उघड्या शेतात. कुंडी घरात असते, लेकरं तिच्या मातीत खेळतात, तुळशीचं पान आपण प्रसाद म्हणून तोंडात टाकतो, गवती चहा आणि कढीपत्ता रोज खातो. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच बंदी आहे, आणि तुळस तर आपण कच्ची खातो. दाणेदार विषारी औषधाची चिमूट कुंडीत टाकायची सवयही तितकीच वाईट. जी कीड चावत नाही, मोठ्या झाडाला सहसा मारत नाही, आणि दोन-तीन आठवडे पाणी आवरलं की कमी होते, तिच्यासाठी एवढं विष घरात आणणं मला तरी वेडेपणाचं वाटतं.

कुठे मात्र डोळेझाक करू नये

जुन्या जास्वंदीला चार अळ्यांनी काही होत नाही. कोवळ्या रोपाचं तसं नाही. मिरची, वांगी, टोमॅटोच्या ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सतत ओलं असतं आणि रोपाला मुळं असतात मोजकीच. अळ्यांनी ती कुरतडली की रोप पिवळं पडतं, वाढ थांबते, आणि कुरतडल्या जागेतून मररोगाची बुरशी आत शिरते. चिलटं आणि अळ्या अशा बुरशीचे बीजाणू एका ट्रेवरून दुसऱ्यावर नेतातही. वरुड-मोर्शी, शेंदुरजना घाटाकडे पिशव्यांतून संत्र्याची रोपं वाढवणाऱ्यांनी पिशव्यांच्या ओळींत पाणी तुंबू देऊ नये, तळाची भोकं मोकळी आहेत का ते बघावं, आणि हिरवं शेवाळ दिसलं की पाणी कमी करावं. मररोगासाठी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी वापरतात. तो जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात विचारा. तो बुरशीवर चालतो, अळीवर नाही, त्यामुळे सापळे आणि बीटीआय वेगळे लागतीलच.

सगळ्यात मोठा फटका बसतो तो धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) पिकवणाऱ्या बचत गटांना. अळिंबी म्हणजे बुरशीच, आणि या माशीच्या अळीचं आवडतं खाणंही तेच. भिजवलेलं कुटार (पिकाचा भुसा), अंधारी खोली, दमट हवा, सगळी परिस्थिती आपणच तयार करून देतो, आणि इथे माती वाळवायचा उपाय लागू होत नाही. म्हणून माशीला आतच येऊ द्यायचं नाही. खिडक्यांना साधी डासांची जाळी पुरत नाही, तिच्यातून ही माशी आरामात आत जाते. त्याहून बारीक विणीची जाळी लावा आणि दाराला दुहेरी पडदा. कुटार नीट उकळून किंवा वाफवून घ्या, म्हणजे आतली अंडी-अळ्या मरतात. आत दिव्याजवळ पिवळा सापळा ठेवा. काढणी झालेल्या जुन्या पिशव्या खोलीच्या दाराशी रचून ठेवू नका, त्याच दिवशी लांब, शेताच्या खड्ड्यात नेऊन टाका. आणि घरातल्या कुंड्यांना हात लावून तसेच अळिंबीच्या खोलीत शिरू नका, आधी खोलीतलं काम उरका, मग कुंड्यांकडे वळा.